माझ्या पोरीच्या अंगात देवी येत नव्हती

मिरगी म्हणा, फेफरं म्हणा, दवाखान्यात म्हणतात तसं फिट म्हणा. पण माझ्या लेकीच्या दुखण्याला माझ्यासमोर वारं म्हणू नका. तुळजापुरात अजून अशा बाया आहेत ज्या मला पाहिलं की पदर सावरून बाजूला होतात आणि शेजारणीच्या कानात सांगतात, हीच ती, हिच्या विटाळानं आई निघून गेली. सांगू देत. उचलली जीभ लावली टाळ्याला, त्यांचं काय जातं? जे झालं ते माझ्या घरात झालं, आणि बाहेर कुणाला मी ते धड सांगितलं नाही, कारण सांगायचं नाही असं मी कबूल केलं होतं. ज्यांना कबूल केलं त्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, आता नाहीत. तेव्हा आता सांगते.

लेक जन्मली ती निजामाचं राज्य गेलं त्या साली. हे शाळेत मास्तर होते. उर्दूतून शिकलेले आणि राज्य बदलल्यावर मराठीतून शिकवायला लागलेले, त्यामुळं उद्याचा धडा पोरांच्या आधी घरी यांचाच पाठ व्हायचा. माणूस गरीब, कुणाच्या अध्यात ना मध्यात, आणि आईपुढं तर तोंडात मिठाची गुळणी धरून बसणारा. मामंजी आधीच वारलेले. घरात आत्याबाई, हे, मी, लग्नाची राहिलेली माझी नणंद आणि ही पोर, एवढीच माणसं. घर माळवदाचं. पुढं ओसरी, मधे माजघर, मागं परसात न्हाणी आणि न्हाणीला लागून बाहेर बसायची खोली. बाहेर बसायची म्हणजे, महिन्याच्या महिन्याला बाईला कावळा शिवला की तिनं तीन दिवस जिथं वेगळं राहायचं ती.

पहिलं फेफरं आलं तेव्हा पोर पाचाच्या आत होती. मी ओसरीवर तूर निवडत होते, ती समोर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. हातातली शेंग तशीच राहिली, डोळे वर गेले आणि ती कडेला कलंडून लाकडासारखी ताठ झाली. मग हातपाय झाडायला लागली, तोंडाला फेस आला. मी जी किंचाळले ती सगळी गल्ली गोळा झाली. गल्ली गोळा झाली की काय होतं ते ज्याच्या घरी मिरगी आहे त्यालाच ठाऊक. एकीनं कांदा फोडून नाकाला लावला. एकानं पायातलं पायताण काढून हुंगायला धरलं. तिसरीनं मुठीत किल्ल्यांचा जुडगा कोंबला. आणि शेजारच्या एका जाणत्या म्हणवणाऱ्या बाईनं दातखीळ उघडायची म्हणून तोंडात पळी घातली आणि पोरीचा समोरचा दात पाडला. वर मलाच म्हणाली, दुधाचा होता, दुसरा येईल. त्या बाईशी मी पुढं जन्मात बोलले नाही. ती वारली तेव्हा तिच्या दारीसुद्धा गेले नाही, आणि त्याचं मला काडीइतकं वाईट वाटत नाही.

फेफरं परत परत यायला लागलं तेव्हा आम्ही पोरीला धाराशिवच्या सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर हैदराबादला शिकलेले, वयानं पिकलेले, मराठी बोलताना निम्मे शब्द उर्दूचे. त्यांनी पोरीला नीट तपासलं आणि यांना सोडून मला जवळ बसवलं. औषध कोण देणार ते त्यांना बरोबर कळलं असावं. म्हणाले, हा मेंदूचा आजार आहे, कुणाची करणी नाही आणि कुणाची कृपाही नाही. फेफरं आलं की कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, आपोआप थांबतं. गोळी सकाळ-संध्याकाळ. आणि मग बोट वर करून जे बोलले ते माझ्या काळजात जाऊन बसलं.

"बाई, एक ताकीद. गोळी एकदम बंद करायची नाही. पोर बरी दिसली तरी नाही. एकदम बंद केली तर दौऱ्यावर दौरा येईल आणि पोर हातची जाईल."

गोळ्या सोलापूरहून मागवाव्या लागत. त्या मी डोळ्यांत तेल घालून सांभाळायची. गोळीनं पोर जरा सुस्त झाली, जेवता जेवता पेंगायची, पण फेफरं थांबलं. मग तिला शाळेत घातलं. शाळेत कुणी तिच्या शेजारी बसेना, कारण गल्लीतल्या पोरांनी आधीच बातमी पोचवली होती की ही फेस काढते. तिनं घरी येऊन मला विचारलं, आई, फेस म्हणजे काय? बाराखडी तिला शेवटी माझ्या नणंदेनंच घरी शिकवली. वेणीफणीही तीच करायची. आत्याबाईंच्या मात्र गोळ्या डोळ्यांत खुपायच्या. गोळ्या दिसल्या की लोक विचारणार कशाच्या, आणि घरात मिरगी आहे कळलं तर त्या घरची मुलगी कोण करणार? पोरांच्या बडबडीवर मोठी माणसं विश्वास ठेवत नाहीत, गोळ्यांवर ठेवतात, असं त्यांचं म्हणणं. वन्सं विशी ओलांडून बसलेल्या. त्या काळी तेवढ्याला घोडनवरी म्हणत, आणि म्हणणारे आमच्याच ओसरीवर बसून, आमचाच चहा पिऊन म्हणत.

अशात भूमचं स्थळ आलं. मुलगा तहसिलीत कारकून, घर खाऊनपिऊन सुखी. मंडळी बघायला येणार त्या दिवशी आत्याबाईंनी मला बजावलं, पोरीला शेजारी नेऊन ठेव, मंडळी जाईपर्यंत आणू नको. मी ठेवली. पण आपल्या आत्याला नटताना तिनं सकाळीच पाहिलेलं, ती पोर दुसऱ्याच्या घरी कशाला बसतेय? मंडळी ओसरीवर पोहे खात होती आणि ही पळत आली. त्यातून त्या आठवड्यात सोलापूरच्या गोळ्या यायला उशीर झाला होता, मधे खंड पडला होता. ती आली आणि वन्सं बसल्या होत्या त्या पाटासमोरच कोसळली.

मी आतून धावले, तिला कुशीवर घेतलं. मुलाची आई, तिला मी भूमची बाई म्हणते, तिच्या हातातली बशी तशीच अधांतरी. तेवढ्यात आत्याबाई कुंकवाचा करंडा घेऊन आल्या. त्या बाईचं डोकं असं चालायचं की वकिलानं त्यांच्याकडं शिकवणी लावावी. माझ्या हातांवरून वाकून त्यांनी पोरीचं कपाळ मळवटानं भरलं, हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "आलीस का गं आई? घरच्या कार्याला स्वतः आलीस?"

झालं. भूमच्या बाईनं बशी खाली ठेवली, डोक्यावर पदर घेतला आणि माझ्या पोरीच्या झाडणाऱ्या पायांवर कपाळ टेकवलं. मागोमाग बाकीच्यांनी. कुणी कापूर लावला, कुणी उदो उदो म्हटलं. मी सांगत होते, बाजूला व्हा, तिला श्वास घेऊ द्या; पण माझं ऐकतंय कोण. फेफरं थांबलं, पोर झोपी गेली, आणि देवीनं कौल दिला म्हणून स्थळ तिथल्या तिथं पसंत झालं. मिरगी म्हटली असती तर मंडळी आल्या पावली परत गेली असती. दुखणं म्हटलं की घराण्याला बट्टा आणि देवी म्हटलं की घराण्याचं भाग्य. पोर तीच, फेस तोच.

मंडळी गेल्यावर मी यांच्यापुढं उभी राहिले. म्हटलं, तुमच्या आईनं हे काय केलं, डॉक्टर काय म्हणाले ते तुम्हीही ऐकलंत ना? हे म्हणाले, बहिणीचं लग्न होऊन जाऊ दे, मग बघू. बघू! आमचा सगळा संसार या बघूवर चालला होता. पाऊस नाही आला, बघू. आई असं बोलली, बघू. पोर मरायला टेकली असती तरी यांनी आधी बघूच म्हटलं असतं.

मला वाटलं, एवढ्यावर भागेल. कसलं भागतंय. तुळजापूर देवीचं गाव, तिथं अशी बातमी उंबऱ्यात थांबत नाही. मंगळवार-शुक्रवार बाया यायला लागल्या. आत्याबाईंनी माजघरात पाट मांडला, पोरीच्या गळ्यात कवड्यांची माळ घातली, हातात परडी दिली. आजीच्या वयाच्या बाया माझ्या शेंबड्या पोरीला आई म्हणत आणि लेकाची नोकरी, सुनेची कूस, हरवलेली म्हैस, सगळं तिला विचारत. देवीला मी नावं ठेवत नाही. तिच्याच पायऱ्यांवर मी लहानाची मोठी झाले, नवरात्रात अजून कडक उपास धरते. नावं ठेवते ती या बायांना. स्वतःच्या पोराला जरा कणकण आली की दवाखान्याची वाट धरणाऱ्या, आणि माझ्या पोरीचे डोळे फिरले की कापूर लावणाऱ्या.

पोरीला मात्र हे सगळं आवडायला लागलं, तेही सांगायला पाहिजे. शाळेत कुणी जवळ बसवत नव्हतं आणि इथं मोठमोठ्या बाया पाया पडत होत्या. नवा परकर मिळाला, पेढे मिळत. एकदा मी तिला न्हाऊ घालताना डोक्यावर जोरात चोळलं तर मला म्हणाली, देवीला असं चोळतात का? मी एक धपाटा घातला. तो आत्याबाईंनी पाहिला आणि दिवसभर त्या माझ्या हातचं जेवल्या नाहीत.

पण गोळ्या सुरू होत्या, त्यामुळं देवी काही यायचं नाव घेईना. बाया आरत्या म्हणून म्हणून दमायच्या आणि पोर पाटावर बसल्या बसल्या डुलक्या काढायची. आत्याबाईंच्या ध्यानात आलं. गोळीला खंड पडला आणि त्याच दिवशी फेफरं आलं, हे त्यांनी स्वतः पाहिलं होतं. मला म्हणाल्या, तुझ्या औषधानं आईची वाट अडवलीय. मी म्हटलं, अडू दे. 

मग भूमहून निरोप आला. त्यांच्या थोरल्या सुनेला मूल नव्हतं, ते देवीला विचारायचं होतं. शुक्रवारी येतो, कौल मिळाला की लगेच साखरपुड्याची तिथी काढू, असा निरोप. आत्याबाईंनी निरोप्याला सांगून टाकलं, या, आई बोलेल. आई कशानं बोलणार ते मला कळलं होतं. त्या दिवसापासून गोळ्यांची पुडी मी कमरेला खोचून फिरायला लागले. झोपताना उशाखाली, न्हाताना न्हाणीच्या भिंतीवर.

आणि माझं दैव असं, की बुधवारीच मला कावळा शिवला. आत्याबाईंना माझे दिवस पंचांगासारखे पाठ होते. शुक्रवार भूमच्यांनी धरला की आत्याबाईंनी सुचवला, देव जाणे. आमच्या घरी त्या दिवसांत शिवाशीव कडक. मी न्हाणीजवळच्या खोलीत, ताट दारातून सरकवलेलं. पोरीनं उंबऱ्याच्या आत यायचं नाही, मी तिला हात लावायचा नाही. एरवी त्या दिवसांत गोळ्या हे द्यायचे, पण हे शाळेच्या कामाला धाराशिवला गेलेले. शेवटी कमरेची पुडी काढून मी नणंदेच्या पुढ्यात जमिनीवर ठेवली. म्हटलं, वन्सं, सकाळ-संध्याकाळ, तुमच्या हातानं, दुसऱ्या कुणाच्या हाताला द्यायची नाही. त्यांनी पुडीवर पाणी शिंपडून ती उचलली आणि मान हलवून गेल्या.

मी दारातून सकाळ-संध्याकाळ विचारायची, गोळी दिली का? आतून उत्तर यायचं ते आत्याबाईंच्या आवाजात: दिली. वन्सं परसात फिरकेनात. आणि पोर? पोर परसात उड्या मारत होती. सुस्ती गेलेली, डोळे टवटवीत, लांबूनच परकर गोल फिरवून मला दाखवत होती. गोळी घेणारं लेकरू असं उड्या मारत नाही. गुरुवारी संध्याकाळी माझ्या मनात पाल चुकचुकली, मी वन्संना नावानं हाका मारल्या. वन्सं आल्या नाहीत. आत्याबाई आल्या आणि म्हणाल्या, देवाशपथ दिली.

शुक्रवारी दुपारी भूमची मंडळी आली, गल्लीतल्या बायाही आल्या. खोलीतून मला दिसत काही नव्हतं, ऐकू सगळं येत होतं. आरती झाली. मग एकदम उदो उदो उठला आणि मला कळलं. फेफरं किती वेळ चालतं ते आईच्या अंगात मुरलेलं असतं, त्याला घड्याळ लागत नाही. ते थांबायच्या वेळेला थांबलं नाही. जरा सैल पडलं, मी श्वास सोडला, आणि पोर जागी न होताच ते परत सुरू झालं. दौऱ्यावर दौरा. मधल्या सैल वेळात भूमची बाई विचारत होती, आई, नातवाचं तोंड दिसेल का? पोरीच्या घशातून घरघर निघाली आणि बाया म्हणाल्या, हो म्हणाली.

मी उठले. पारोशी, केस सुटलेले, अंगावर विटाळाचं लुगडं, तशीच परस ओलांडून माजघरात गेले. बायांनी मला पाहिलं आणि वाघ शिरल्यासारख्या भिंतींना चिकटल्या. एरवी त्या गर्दीतून मला कुणी पाटापर्यंत पोचू दिलं नसतं. आता सगळी वाट मोकळी. मी पोरीला उचललं, गळ्यातली माळ तोडली, कवड्या माजघरभर झाल्या. तिचे ओठ निळे पडले होते.

"गोळ्या कुठं आहेत?" मी विचारलं.

आत्याबाई पदर आवरून उभ्या, शिवलीस, शिवलीस, एवढंच म्हणत. मी परत विचारलं. तेव्हा माझ्या नणंदेनं, नवं लुगडं नेसून दाराशी उभी होती ती, देव्हाऱ्याकडं बोट केलं. होणारी सासू समोर बसलेली, आई शेजारी उभी, आणि तिनं बोट केलं. तिच्याकडून आत्याबाईंनी पुडी पहिल्याच दिवशी काढून घेतली होती, ते तिच्या तोंडावरच लिहिलेलं होतं.

मी तशाच हातानं देव्हाऱ्यात हात घातला आणि देवांच्या मागून पुडी काढली. मी बांधून दिली होती तशीच होती, गाठसुद्धा सोडलेली नव्हती. ती सगळ्यांसमोर धरून मी म्हणाले, "ही देवी नाही. ही मिरगी आहे, आणि तुम्ही हिला मारताय."

भूमच्या बाईनं कानांवर हात ठेवले. मी पोरीला घेऊन बाहेर पडले.

मोटारीची वेळ नव्हती. नाक्यावर एका व्यापाऱ्याचा मालाचा ट्रक धाराशिवला निघालेला, त्याला हात केला. ड्रायव्हरनं पोरीकडं पाहिलं, क्लीनरला मागं पाठवलं आणि मला पुढं घेतलं. मी बाहेरची आहे का, कुठल्या जातीची, नवरा कुठं आहे, काही विचारलं नाही. वाटेत पोरीला मांडीवर कुशीवर धरून मी देवीलाच हाका मारत होते. दुसरं कुणाला मारणार?

दवाखान्यात डॉक्टरांनी सुई टोचली, उग्र वासाचं औषध दिलं आणि हातपाय सैल पडेपर्यंत ते खाटेशी बसून राहिले. मग माझ्याकडं वळून विचारलं, दवा कुणी बंद केली? मी म्हटलं, घरच्यांनी. ते मलाच बोलले. बोलायला त्यांच्यापुढं दुसरं माणूस होतंच कुठं. निरोप मिळाल्यावर हे धावत आले, खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले आणि रडले. मला त्यांच्या रडण्याचा संताप आला. रडायला मलाही येत होतं, पण पोरीचं तोंड कुणीतरी पुसायला पाहिजे होतं.

पोर वाचली. शुद्धीवर यायला तिनं वेळ घेतला, जीभ जड झाली, शिकलेली बाराखडी निम्मी गेली. पण वाचली.

ती उठून बसायला लागली तेव्हा आत्याबाई आल्या. आत आल्या नाहीत, व्हरांड्यातच थांबल्या. दारातून नातीकडं पाहिलं, डोळे पुसले, मग मला बाहेर बोलावून मुद्द्यावर आल्या. भूमचे लोक अजून पुरते बिथरले नव्हते. त्यांना फक्त खुलासा पाहिजे होता. त्या दिवशी मिरगी असेल तर ही मुलगी नको. देवी असेल आणि सुनेच्या विटाळानं निघून गेली असेल, तर दोष सुनेचा, घराण्याचा नाही.

"पाच माणसांत एवढंच म्हण," आत्याबाई म्हणाल्या. "देवी होती, मी शिवले, देवी गेली. तुझ्या नणंदेचं घर बसेल."

माझ्या तोंडात शिव्या आल्या होत्या, खोटं कशाला सांगू. पण त्या ओठांवर यायच्या आत डोक्यात लख्ख उजेड पडला. देवी गेली. गेलेल्या देवीपुढं मंगळवारी कोण येऊन बसतं? गेलेली देवी परत यावी म्हणून पोरीची गोळी कोण लपवतं? विटाळलेली पोर परत कुणाला पाटावर बसवता येणार नव्हती. आणि देव्हाऱ्याकडं उठलेलं ते बोटही माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं.

"म्हणते," मी म्हणाले. "पण पोर आणि गोळ्या माझ्या. आम्ही धाराशिवला बिऱ्हाड करणार. आणि यापुढं मी बाहेर बसणार नाही. एक दिवससुद्धा नाही."

"धर्म बुडवशील."

"बुडवते."

हे मधे येऊन बघू म्हणणार होते. मी त्यांच्याकडं एकदा पाहिलं. त्यांनी तोंड मिटलं आणि त्याच आठवड्यात बदलीसाठी अर्ज केला.

घरी नेऊन मला ओल्या लुगड्यानं अंगणात उभं केलं, पंचगव्य पाजलं. भूमची बाई आणि तिची माणसं, भटजी, गल्लीतल्या त्याच सगळ्या बाया. मी म्हणाले, देवी होती, मी शिवले, देवी गेली. त्यात खरं एवढंच की मी शिवले. बाया हळहळल्या, एक तर पदर लावून रडली. पळीनं दात पाडणारी म्हणाली, लेकराचं भाग्य सख्ख्या आईनंच मारलं. मी मान खाली घालून ऐकून घेतलं. पोर यांच्या मांडीवर बसून सगळं ऐकत होती, पण तिच्याकडं तेव्हा कुणाचं लक्ष नव्हतं, माझंही नव्हतं.

लग्न झालं. मला बोलावणं नव्हतं, मीही वाट पाहिली नाही. वन्संचा संसार चांगला झाला. त्या बोटाबद्दल त्यांनी कधी काही काढलं नाही आणि मीही नाही. आम्ही धाराशिवला दोन खोल्यांत राहायला गेलो. कबूल केल्याप्रमाणं मी परत कधी बाहेर बसले नाही, ना सणाला ना श्राद्धाला. शेजाऱ्यांना कळलं तेव्हा पाण्याच्या नळावर माझी घागर बाजूला सारली. सारू देत. गोळीला महिन्यातून तीन दिवसांची सुट्टी नसते. फेफरं तरी अधूनमधून यायचंच, पण एकदा येऊन थांबायचं. शाळा मात्र चौथीतच सुटली, अक्षरं तिला परत लागलीच नाहीत.

पोर पंधराची झाली त्या वर्षी नवरात्रात आम्ही तुळजापूरला गेलो. दर्शनाच्या वाटेवर एका आराधिणीभोवती बाया जमल्या होत्या, पाया पडत होत्या. पोर थांबून बघत राहिली. तेवढ्यात आमच्या जुन्या गल्लीतल्या एकीनं तिला ओळखलं, जवळ घेतलं आणि माझ्यादेखत म्हणाली, हिच्यापुढंही असंच बसायचो गं आम्ही, पण काय करता. आम्ही धाराशिवला परत आलो. तिन्हीसांजेला दिवा लावून मी गोळी आणि पाण्याचा तांब्या घेऊन तिच्यापुढं बसले, तर तिनं माझा हात सारला.

"तू शिवली नसतीस तर मी अजून देवी असते," ती म्हणाली. "लोक माझ्या पाया पडले असते."

मी तिला सगळं सांगितलं. पहिल्यापासून, भूमचं स्थळ, गोळ्यांची पुडी, ट्रक, सगळं. तू कधीच देवी नव्हतीस, ते आजीनं रचलं होतं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पण अंगणात तूच म्हणालीस, देवी होती. मी बाबांच्या मांडीवर होते. मी ऐकलंय."

त्यावर मला लई राग आला. आत्याबाईंचा, भूमच्या बाईचा, त्या गल्लीतल्या बाईचा, आणि या माझ्या वाचवलेल्या पोरीचाही. जन्मभर मी लोकांच्या नजरा खाल्ल्या त्या हिच्यासाठी, आणि ही त्यांच्याच बाजूनं बसून माझ्याकडं बघत होती. हात माझा तसाच पुढं होता, तळव्यावर गोळी.

"शिवले नसते तर मेली असतीस," मी म्हणाले. "आ कर."

तिनं पाण्याचा तांब्या आपल्याकडं ओढला. मग तिनं तोंड उघडलं आणि मी गोळी तिच्या जिभेवर ठेवली.